निळ्या खडूची खूण

६ जानेवारी, सोमवार

आजपासून लिहायचं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे ठरवून दिलं आहे. आमच्या गणवेशांच्या कारखान्यासाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं आहे, आणि त्याकरता जी सल्लागार मुलगी येते तिने सगळ्यांना सांगितलं की महिनाभर रोज काय काय काम केलं ते लिहून काढा, म्हणजे तुम्हाला कुठलं सॉफ्टवेअर सोसेल ते कळेल. मी तिच्यासाठी लिहिलं: ऑर्डरी घेतल्या, फोन केले, बिलं केली. अर्धं पानसुद्धा भरलं नाही. मग वाटलं, दिवसभर मी जे करते ते तिला दाखवण्यासारखं नाहीच मुळी. ते इथे लिहीन. हे कुणी वाचायचं नाही. ह्यांनी तर नाहीच.

सुरुवात झाली ती नोव्हेंबरातल्या घोळापासून. हॉटेलातल्या वेटरांची जॅकेटं दवाखान्यात गेली आणि पेशंटचे पाठीमागून उघडे गाऊन हॉटेलात. मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी आधी माफी मागितली आणि फोन ठेवून पोटभर हसून घेतलं. वन्सं हसल्या नाहीत.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. कारखान्यात सगळे त्यांना ताई म्हणतात. कागदावर कारखाना आम्हा तिघांचा, खरा त्यांचा. आईवडील गेले तेव्हा त्या जेमतेम विशीच्या आणि हे शाळेत. पुढच्या खोलीत एक मशीन टाकून त्यांनी शाळेचे शर्ट शिवायला घेतले, भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, स्वतःचं राहून गेलं. आज दोन शेड आहेत, नव्वद माणसं आहेत, आणि हा सगळा पसारा अजूनही वन्संच्या निळ्या खडूवर चालतो. कापड कापून झालं की गठ्ठा त्यांच्या टेबलावर येतो. त्या उलटसुलट करून बघतात, कोपऱ्यावर खडूने बरोबरची खूण करतात, मग तो शिलाईला जातो. शिवून आला की पुन्हा खूण, मग काज-बटणाला, तिथून इस्त्रीला. खूण नसलेला गठ्ठा कुणी हलवत नाही. शेडला आग लागली तर माणसं बाहेर पळतील, गठ्ठे ताईंची वाट बघत जळतील. पूर्वी हे चालून जायचं. आता त्यांच्या टेबलाशी गठ्ठ्यांची रांग लागते, आणि जॅकेटं-गाऊनांची अदलाबदल त्या रांगेतच झाली.

सॉफ्टवेअर घेऊ या असं पहिल्यांदा वन्संच म्हणाल्या. मला वाटलं होतं, सगळ्यात आधी त्याच आडव्या येतील. तर म्हणाल्या, "मी नसले तरी चालायला हवं." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, धडधाकट बाई असं का बोलेल?

९ जानेवारी, गुरुवार

सल्लागार मुलगी आली आणि वन्सं नेमक्या जागेवर नव्हत्या. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून चष्मेवाल्यांकडे गेल्या होत्या. कोपऱ्यावरचं ते जुनं दुकान, पायरी उतरून आत जायचं. चष्मेवाले सद्गृहस्थ आहेत, बोलणं हळू, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पण एका स्क्रूला सबंध दुपार लागते म्हणजे कमाल आहे. माणूस हळू बोलतो तसाच स्क्रूही पिळत असेल.

ती मुलगी मग आम्हालाच विचारत बसली. फळ्यावर चौकोन काढते आणि चौकोनाचौकोनांत बाण. ऑर्डर कोण घेतं, कापड कोण मागवतं, माल कोण सोडतं. ह्यांनी तिचं नाव बाणवाली ठेवलं. शेवटी फळा भरला तेव्हा सगळे बाण फिरून फिरून एकाच चौकोनात शिरत होते. "ही एकच व्यक्ती आहे का?" असं तिने विचारलं. कटिंगमास्तर अभिमानाने म्हणाले, आमच्या ताई. बाणवालीने कपाळाला हात लावला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर सॉफ्टवेअरवाले येऊन दाखवून गेले. एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिला जो होता तो तासभर बोलला आणि त्यातलं "नमस्कार" तेवढं मला कळलं. त्याची किंमत ऐकून ह्यांनी विचारलं, ह्यात शेडचं नवीन छप्परही येतं का? दुसऱ्याच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. तो बिचारा घामाघूम झाला, म्हणून वन्संनी त्याला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. चक्र थांबेपर्यंत आम्हाला त्याच्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन पाठ झालं.

तिसरं साधं होतं. गठ्ठ्याला एक चिठ्ठी चिकटवायची, प्रत्येक टेबलापाशी तिच्यावर यंत्र धरायचं, टुक असा आवाज येतो आणि कुठला गठ्ठा कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. वन्संनी त्याला एकच प्रश्न विचारला. "दुसऱ्या गावात बसून हे दिसेल का?" तो म्हणाला, दिसेल. वन्सं म्हणाल्या, हेच घेऊ.

दुसऱ्या गावात कशाला? मोठे दवाखाने दुसऱ्या गावात असतात. मी ह्यांना विचारलं की वन्संची तब्येत ठीक आहे ना. हे म्हणाले, ताईला काय धाड भरलीय, काल तिने ट्रकवाल्याला अख्ख्या गल्लीला ऐकू येईल असं झापलं. पुरुषांना झापाझापी ऐकू आली की तब्येत ठणठणीत वाटते.

३० जानेवारी, गुरुवार

वन्संनी चष्म्याची फ्रेम बदलली. आयुष्यभर काळी जाड फ्रेम वापरणारी बाई, आज गडद लाल रंगाची घालून आली. म्हणे जुनी नाकावर रुतत होती. दिसतात छान. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "काम कर, धांदले." माझं हे नाव त्यांनी लग्नानंतर आठवड्याभरात ठेवलं, मी घाईत चहाऐवजी गरम पाणीच सगळ्यांना नेऊन दिलं होतं तेव्हा.

पण मला हसू आलं नाही. महिन्याभरात ही चष्म्याची चौथी खेप. कधी स्क्रू, कधी नाकाजवळची उशी, कधी नंबर तपासायचा. दर गुरुवारी. एखाद्याचे डोळे जात असले म्हणजे असंच होत असणार. फोनवर वाचलं तर काचबिंदू हळूहळू येतो आणि माणूस घरच्यांपासून लपवतो असं लिहिलेलं. "मी नसले तरी चालायला हवं" ह्याचा अर्थ आता लागतोय.

बाणवालीला बाजूला घेऊन सांगितलं, पडद्यावरची अक्षरं मोठी करता येतील का, ताईंना त्रास होतो. खरंच फार बारीक आहेत. तिने पडद्याचं चित्र छापून आणलेला कागद मी हातभर लांब धरला तेव्हा कुठे मला त्यातलं वाचता आलं. आमची ही स्थिती, तर वन्संचं काय होत असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाणवालीने आज नवीन चित्र काढलं, सॉफ्टवेअर आल्यावर काम कसं चालेल त्याचं. प्रत्येक टेबलावरची मुख्य व्यक्ती आपला माल आपण तपासणार, यंत्र धरणार, माल पुढे. मधल्या चौकोनातून ती एकेक बाण पुसत गेली. शेवटी वन्संचा चौकोन एकटा उरला, त्याला ना आत येणारा बाण ना बाहेर जाणारा. मग तिने तोही पुसला.

मास्तर खाली बघत होते. वन्संनी तो फळा बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे."

छान. अडतीस वर्षं उभं राहून वाढवलेल्या घरातून स्वतःला पुसलेलं बघायचं आणि छान म्हणायचं. दुपारी माझ्याने जेववलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा मला भीती होती की सासू नाही, म्हणजे नणंदच सासू. झालं उलटंच. मला आईकडे जायला त्यांनी कधी अडवलं नाही, मुलगी झाली तेव्हा पहिले तीन महिने त्यांनीच तिला खांद्यावर घेऊन कटिंग बघितलं, आणि मी ऑफिस सांभाळावं हे माझ्याआधी त्यांच्या डोक्यात आलं. त्यांना काही होऊ नये. त्यांना नकोशा झालो असं तर मुळीच वाटू नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाणवालीला फोन केला. म्हटलं, कटिंगनंतर एक पायरी घाल. ताईंनी पडद्यावर "मंजूर" दाबल्याशिवाय गठ्ठा पुढे जायचा नाही. म्हणजे खडू गेला तरी खूण राहील. ती म्हणाली, नक्की का? म्हटलं, नक्की, आणि हे माझ्याकडून आलंय असं कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "तुम्हीपण?" 'पण' कशाला ते तिने सांगितलं नाही, मलाही दुसरा फोन आला.

बरं वाटलं. वन्सं चष्मेवाल्यांकडे गेल्या होत्या. जाताना डबा नेला. इतक्या तपासण्या असतात तर भूक लागणारच.

६ मार्च, गुरुवार

एक वाईट बातमी. चष्मेवाले दुकान बंद करतायत. समुद्राकाठच्या एका गावात त्यांचं लहानसं घर आहे, तिथेच छोटं दुकान घालणार म्हणे. मास्तरांकडून कळलं. सांगताना मास्तर माझ्याकडे असे काही बघत होते, जणू मी आता काहीतरी बोलावं. मी म्हटलं, अरेरे.

मग रागच आला. माणसाला काही जबाबदारी असते की नाही? वन्संच्या डोळ्यांची त्यांना खडान्खडा माहिती, आता नवीन माणूस शोधायचा, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. वन्संना तसं म्हटलं. म्हटलं, जातायत बिनधास्त, तुमच्याकडे कोण बघणार आता? वन्सं गठ्ठा तपासत होत्या. त्यांनी त्याच्यावर खूण केली, आणि मग त्याच गठ्ठ्यावर पुन्हा एकदा केली.

"माणसाने कुठे राहावं हे त्याचं त्याने ठरवावं," असं म्हणाल्या. मोठं मन आहे त्यांचं. मी नसतं इतकं समजुतीने घेतलं.

१ एप्रिल, मंगळवार

आज जुनं बंद आणि नवीन सुरू. सकाळी वन्संनी खडूचा डबा टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रं टुकटुक करायला लागली. तासाभराने टुकटुक थांबली.

एकही गठ्ठा हलेना. पडद्यावर सगळीकडे लाल पट्टी: ताईंच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत. कापडाची मागणी प्रतीक्षेत, कटिंग प्रतीक्षेत, शिलाई प्रतीक्षेत, पॅकिंग प्रतीक्षेत, गेटवर ट्रक प्रतीक्षेत. दवाखान्याची नवी इमारत शनिवारी उघडतेय, त्यांचे गाऊन बांधून तयार आणि दाराशी अडकलेले. पूर्वी वन्संच्या टेबलाशी रांग लागायची ती निदान दिसायची तरी. ही रांग त्यांच्या एका पडद्यात, आणि त्या एका बोटाने मंजूर, मंजूर करत बसलेल्या.

बाणवालीला धावत बोलावलं. हे तिच्यावर तापले, असं काय करून ठेवलंत म्हणून. तिने शांतपणे आपला लॅपटॉप उघडला आणि वाचून दाखवलं. ऑर्डर आल्याबरोबर ताईंची मंजुरी हवी, ही मागणी ह्यांची. कापड घेण्याआधी ताईंची मंजुरी, ही मास्तरांची. कटिंगनंतर, माझी. शिवून झाल्यावर शिलाईवाल्या मावशींची. माल सुटण्याआधी पॅकिंगवाल्या बाईंची. सगळ्यांनी एकमेकांना चोरून तिला फोन केले होते आणि सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं: कुणाला कळू देऊ नकोस, ताईंना वाईट वाटायला नको.

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मास्तर टेपची गुंडाळी करत बसले. पूर्वी ताई एका गठ्ठ्यावर दोनदा खूण करायच्या तिथे आम्ही प्रेमापोटी त्यांना पाच ठिकाणी जुंपलं होतं.

वन्संनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "सगळ्यांनीच?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं असणार, दुसरं काय. मग पडद्याकडे वळल्या आणि पुन्हा मंजूर, मंजूर.

३ एप्रिल, गुरुवार

बाणवाली म्हणते की चालू आठवड्यात काही बदलायचं नाही, आधी दवाखान्याचा माल निघू दे. म्हणून तिसऱ्या दिवशीही वन्सं त्या खुर्चीतच. दुपारी मी म्हटलं, आज चष्मेवाल्यांकडे जायचं होतं ना? तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, कुठून जाऊ?

थोड्या वेळाने चष्मेवालेच आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना दुकानाच्या पायरीशिवाय दुसरीकडे कुठे बघितलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बारीक पेचकस लावलेला. दाराशी उभे राहून म्हणाले, "म्हटलं, चष्मा ढिला झाला असेल. म्हणून आलो."

"झालाय," वन्सं म्हणाल्या, आणि चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

तो चष्मा ढिला नव्हता. सकाळी मी तो टेबलावरून उचलून पुसून दिला होता, दांड्या मस्त घट्ट होत्या. चष्मेवाले स्टुलावर बसले, पेचकस काढला आणि जिथे पिळायला काही नव्हतं तिथे हलक्या हाताने पिळत राहिले. वन्सं चष्म्याशिवाय त्यांच्याकडे बघत होत्या. पडद्यावर लाल पट्ट्या साठत होत्या आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संना साठलेलं काम विसरून बसलेलं पाहिलं. शेजारच्या टेबलाशी मास्तर इतकं मन लावून तागा मोजत होते की तो त्यांनी दोनदा मोजला.

मी बाहेर येऊन कापडाच्या खोलीत जाऊन बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते दर गुरुवारी माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि मी काचबिंदूचं वाचत बसले होते. दुसरं गाव. समुद्र. छान आहे. माझ्यासारखी मठ्ठ बाई शोधून सापडायची नाही.

आधी हसले. मग रडू आलं, आणि ते कशाचं ते इथे तरी खरं लिहावं. वन्सं जाणार, ह्याचं.

४ एप्रिल, शुक्रवार

गाऊनांचा ट्रक निघाला. शेड रिकामी झाल्यावर मी दोन कप चहा घेऊन वन्संच्या टेबलाशी गेले. आधी कपात चहा आहे ह्याची खात्री करून घेतली. मग म्हटलं, वन्सं, तुम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहात का?

त्या लाजतील असं वाटलं होतं, तशा नाही लाजल्या. सुटल्यासारखा श्वास टाकला. चष्मेवाल्यांनी लग्नाचं विचारल्याला वर्ष होऊन गेलं, म्हणाल्या. तेव्हा वन्संनी सांगितलं की माझ्यामागे नव्वद माणसं आहेत. ते म्हणाले, थांबतो. म्हणून मग सॉफ्टवेअरचं डोक्यात आलं. सगळं मार्गी लागलं की तुम्हा दोघांना सांगायचं, नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करायच्या, गाजावाजा नको. त्या दिवशी फळ्यावर चौकोन पुसला तेव्हा त्यांना वाटलं, झालं, मोकळी झाले.

"आणि मंगळवारी ती बाणवाली एकेक नाव वाचायला लागली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्या लोकांना माझ्यावाचून जमत नाही. मग कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी म्हटलं, आम्हाला वाटलं तुम्हाला आमच्यावाचून करमायचं नाही.

"अगं, तेही खरंच आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होतं का?"

चहा निवून गेला. मी त्यांचा हात धरला, तळव्याला अजून खडूचा निळा रंग होता. तीन दिवस खडू खणात आहे तरी.

६ एप्रिल, रविवार

ह्यांना सांगितलं. हे उठले आणि गाडीच्या चाकांतली हवा बघायला गेले. चारही चाकं बघून झाली तरी वर येईनात म्हणून मी खाली गेले. बॉनेटवर हात टेकून उभे होते. म्हणाले, "शाळेचं दप्तर तिने शिवलं होतं मला. गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं." मग नाक ओढून म्हणाले की ह्या वयात मेहुणे मिळाले, आता त्यांची थट्टा करायची की पाया पडायचं? मी म्हटलं, आधी डोळे तपासून घ्या, तुम्हालाही काही दिसत नव्हतं.

वर आलो तर वन्सं दारातच उभ्या होत्या. हे त्यांच्यापेक्षा हातभर उंच, पण त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे राहिले तेव्हा शाळेतलेच दिसले.

७ एप्रिल, सोमवार

बाणवालीने बदल तयार केला. पाचही ठिकाणची मंजुरी काढायची, वन्संना दुरून सगळं बघता येईल पण त्यांच्यावाचून काही अडणार नाही. फक्त असला बदल ऑफिसप्रमुखाने मंजूर करावा लागतो. ऑफिसप्रमुख मी. सकाळपासून माझ्या पडद्यावर लाल पट्टी आहे: तुमच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.

आज फार गडबड होती. उद्या बघू.

९ एप्रिल, बुधवार

बाणवालीचा फोन आला, काही शंका आहे का म्हणून. मी सांगितलं की अक्षरं बारीक आहेत, नीट वाचून मग दाबीन.

वन्संनी ते ऐकलं असावं. हाताला धरून मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकान निम्मं आवरलेलं, खोकी बांधलेली, तपासायची खुर्ची तेवढी जागेवर. चष्मेवाल्यांनी माझ्या डोळ्यांवर भिंगं बदलत बदलत खालच्या ओळी वाचायला लावल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "जवळचा नंबर आहे. दोन वर्षांपासून असेल. तुमच्या वन्संनी सांगितलं होतं, हात लांब करून वाचते, पण घाईत असते, येत नाही."

म्हणजे त्या सगळ्या गुरुवारी माझ्याही डोळ्यांचा विषय निघत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वन्संकडे बघितलं, तर त्या भिंतीवरची रिकामी शोकेस निरखत होत्या.

"ह्या दुकानातला हा शेवटचा चष्मा," चष्मेवाले म्हणाले. "परवा देतो."

११ एप्रिल, शुक्रवार

चष्मा वन्संनीच आणून दिला. गडद लाल फ्रेम, त्यांच्यासारखी. घातला आणि पडद्याकडे बघितलं, तर प्रत्येक अक्षर स्वच्छ. लाल पट्टी, पाच ओळी, पाचही ओळींच्या शेवटी वन्संचं नाव, आणि खाली माझं. आता न दिसण्याची सबब संपली होती.

वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या. त्या घाई कर म्हणाल्या नाहीत. मी यंत्रांचा आवाज ऐकत होते, आणि मला एकच गोष्ट विचारायची होती, जी मी वीस वर्षांत विचारली नव्हती, कारण ती विचारायची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

"वन्सं, मला जमेल का?"

त्या टेबलाकडे गेल्या, खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या, मला खांद्याला धरून जरा इकडे वळवलं, जरा तिकडे, गठ्ठा बघतात तसं डोळे बारीक करून पाहिलं. मग माझ्या बाहीवर, कोपराच्या वर, निळ्या खडूने खूण केली.

मी वळले आणि मंजूर दाबलं. पट्टी हिरवी झाली.

संध्याकाळी हे म्हणाले, बाहीला काय लागलंय, झटकून टाक. मी म्हटलं, राहू दे.